आदमाचं डावं पाऊल

त्या ऑगस्टमध्ये सेज नदीत पाणी सोडून सगळं होतं. मोटारी होत्या, ट्रक होते, बायकांच्या छत्र्या होत्या, लिंबाचं सरबत विकणारे होते आणि कोरड्या ठणठणीत पात्राच्या मधोमध ब्रदर रॉस्को टिल्डनचा पांढरा तंबू होता. दुष्काळाचं ते सातवं वर्ष. आमच्या हॅडली गावात गुरांना घालायला चारा उरला नव्हता. निवडुंगाचे काटे जाळून त्याची पानं आम्ही गाईंपुढे टाकत होतो. माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली होती, कारण बोलायचं तर पावसाबद्दल, आणि त्याबद्दल काय बोलणार?

आणि अशात नदीतला शेवटचा डोह आटला, खालचा गाळ वाळून उडाला, आणि चमत्कार उघडा पडला.

"डोळे उघडा!" ब्रदर रॉस्को ओरडत होता. पांढरा सूट, केसांना चोपडलेलं तेल, हातात लांब काठी. "इकडे काय दिसतंय?"

काठीच्या टोकाखाली तीन बोटांचा, परातीएवढा ठसा होता. असे ठसे आमच्या नदीत पुष्कळ. लहानपणी आम्ही त्यात बसून मक्याचा पाव खायचो.

"राक्षसी सरड्याचं पाऊल!" लोक ओरडले.

"आणि त्याच्या शेजारी?"

शेजारी माणसाचं पाऊल होतं. डावं. पाच बोटं, टाच, तळव्याचा खोलगट भाग, सगळं जिथल्या तिथं. फक्त लांबीला हातभर.

"आदमाचं पाऊल!" ब्रदर रॉस्कोनं काठी आभाळाकडे नेली. "शहरातले प्रोफेसर म्हणतात, हा सरडा मेला त्याला दहा कोटी वर्षं झाली. तेव्हा माणूस नव्हताच म्हणे! मग इथून कोण चाललं? प्रोफेसरचा आजोबा?"

हशा पिकला.

"छे, त्यांचा आजोबा तर झाडावर होता! शेपटीनं लोंबकळत! तुमच्या आजोबांना होती का हो शेपूट?"

"नव्हती!"

"माझ्या सासऱ्यांचं मला नक्की नाही सांगता येणार," माझ्या पुढची एक बाई पुटपुटली आणि लगेच क्रूस केल्यासारखा हात हलवून गप्प झाली.

ब्रदर रॉस्कोला आदमाबद्दल बरीच माहिती होती. आदम या सरड्याच्या गळ्यात दोर बांधून त्याला संध्याकाळी पाण्यावर आणायचा. सरडा गवत खायचा, स्वभावानं गरीब होता. हे सगळं त्या एका पावलावरून कळत होतं. आदमाचं उजवं पाऊल कुठे गेलं, तो एवढ्या लांबून एकाच पायावर उड्या मारत आला की काय, हे मात्र त्या तीनचारशे माणसांत कुणी विचारलं नाही.

मग तो टाचेच्या खड्ड्यात पिंपातलं पाणी ओती, त्यावर प्रार्थना म्हणे आणि ते पाणी बाटल्यांतून लोकांना देई. सांधे दुखणारे प्यायले, दम्याचे प्यायले, मूल न होणाऱ्या बायका प्यायल्या. शेवटी तो आवाज खाली आणून म्हणे, "देव पाऊस का देत नाही? तुमच्या शाळेत एक बाई मुलांना माकडाचा धडा शिकवते, म्हणून. ती बाई जाऊ दे, मग बघा ढग."

ती बाई म्हणजे क्लेपर बाई. आमच्या शाळेत सत्तावीस वर्षं शास्त्र शिकवणाऱ्या. त्यांना काढायचं का हे ठरवायला शाळेच्या मंडळाची बैठक गुरुवारी संध्याकाळी ठरली होती.

मी मागे उभा होतो. मी एमेट डूलिन, थडग्यांचे दगड घडवतो, माझे वडीलही तेच करायचे. ते पाऊल मी पाहताक्षणीच ओळखलं. तेवीस वर्षांपूर्वी मीच ते कोरलं होतं.

साल एकोणीसशे तेहेतीस, मोठ्या मंदीचं. लोक मरत होते, पण थडग्यावर दगड बसवायची ऐपत कुणाची नव्हती. तेव्हा हमरस्त्यावरचा एक दुकानदार प्रवाशांना सरड्याच्या पावलांचे दगड विकायचा. आम्ही ते नदीतून फोडून द्यायचो, तो बदल्यात पीठ आणि डुकराची चरबी द्यायचा. चांगले ठसे संपले. मग तो म्हणाला, माणसाचं पाऊल आणा, राक्षसासारखं, लोक उड्या टाकतील. वडिलांनी मला नदीत उभं केलं, दोरीनं माझा डावा पाय मापला, दुप्पट केला आणि खडूनं दगडावर काढला. मी एकोणीस वर्षांचा होतो. छिन्नी माझ्या हातात दिली. हे पहिलं पाऊल सरावाचं, म्हणून पात्रातच राहिलं. त्याच आठवड्यात पूर आला आणि ते गाळाखाली गेलं. पुढे वडील चर्चचे कारभारी झाले. ती गोष्ट घरात पुन्हा कधी निघाली नाही.

आता ते पाऊल उघडं पडलं तेव्हा मी काय केलं? गप्प बसलो. तीन आठवडे. स्वतःला सांगत होतो, सात वर्षं होरपळलेल्या लोकांना थोडा आधार मिळतोय, मिळू दे. साध्या पाण्यानं कुणाचं काय बिघडणार?

सोमवारी दुपारी माझी धाकटी बहीण नेल्डा कारखान्यात आली. तिचा नवरा पश्चिमेकडे तेलाच्या विहिरींवर होता. घरी ती आणि तिची नऊ वर्षांची मुलगी ट्रूडी. ट्रूडीला पाचव्या वर्षापासून मधुमेह. रोज सकाळी काचेची पिचकारी उकळायची, इन्शुलिन भरायचं, मांडीत टोचायचं. चार वर्षं त्यात खंड नव्हता.

नेल्डाचा चेहरा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता.

"एमेट, ट्रूडी बरी झाली."

"म्हणजे?"

"काल ब्रदर रॉस्कोनं तिला पावलात उभं केलं. पाणी पाजलं. म्हणाला, आता सुई टोचलीस तर देवावर अविश्वास दाखवलास. मी इन्शुलिनच्या बाटल्या तिथंच दगडावर फोडल्या. सगळ्यांसमोर."

मी छिन्नी खाली ठेवली. "नेल्डा, आज सुई दिलीस का?"

"काल नाही दिली, आज नाही दिली. आणि बघ, खेळतेय अंगणात. फक्त तहान फार लागतेय, पण या उन्हात कुणाला लागत नाही?"

"आत्ता डॉक्टर यार्बरोंकडे चल. आत्ता!"

"तुला काय कळतंय?" ती एकदम फिरली. "चार वर्षं मी रोज तिला टोचते. रोज ती उशीत तोंड घालून म्हणते, आई, आज नको ना. तू कधी ऐकलंयस ते? तू येतोस रविवारी, तिला लाकडी घोडा देतोस आणि जातोस. मला एक दिवस, एकच दिवस, नुसती आई होऊ दे!"

मग मी सांगितलं. दगडाकडे बघत सांगितलं, तिच्याकडे बघवलं नाही. "ते पाऊल आदमाचं नाही. मी कोरलंय. बाबांनी माप घेतलं होतं. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, तुला कळू दिलं नव्हतं."

ती शांतपणे म्हणाली, "बाबा चर्चचे कारभारी होते."

"नंतर झाले."

"तू क्लेपर बाईंना वाचवायला मेलेल्या बापाला खोटारडा ठरवतोयस. तीन आठवडे तोंड उघडलं नाहीस आणि आज माझं लेकरू बरं झालं तर तुला आठवलं?"

ती निघून गेली.

मंगळवारी ट्रूडी ओकायला लागली. बुधवारी डॉक्टर यार्बरो नेल्डाच्या दारात गेले, तिनं आतून कडी लावली. मी शेरीफकडे गेलो. तो टोपीशी चाळा करत म्हणाला, "एमेट, आई आहे ती. आईच्या आणि देवाच्या मध्ये मी कसा पडू? आणि माझी बायकोही रोज ते पाणी पितेय रे." मी परत नेल्डाच्या घरी गेलो, खिडकीतून पाहिलं. ट्रूडी पलंगावर होती. डोळे खोल गेले होते. तिनं मला पाहून हात उचलला.

"मामा, पाणी दे ना."

नेल्डानं पडदा ओढला.

तसाच मी क्लेपर बाईंकडे गेलो. बाई पुस्तकं खोक्यात भरत होत्या. गुरुवारी काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या खोक्याच्या काठावर बसल्या.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "माझ्या दारावर रोज माकडाची चित्रं चिकटवतायत पोरं. मीच शिकवलेली पोरं. आणि तुला माहीत होतं."

"हो बाई."

"मी चर्चला जात नाही का रे एमेट? जाते ना? वर्गात मी काय सांगते? की हे दगड थरांवर थर साचून झाले. खालच्या थरात एक जीव, वरच्या थरात थोडा वेगळा, त्याच्या वर आणखी वेगळा. एवढा काळ गेला की मोजता मोजता आपण दमतो. माणूस फार उशिरा आला. माकडाचा एके सकाळी माणूस झाला असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? देवानं दगड केला असेल, तर दगडात दिसतं ते खोटं का मानायचं? मी एवढंच म्हणते."

"बाई, पोर मरतेय."

त्या उठल्या. "तू सांगून कुणी विश्वास ठेवणार नाही. तुझ्या बहिणीनं ठेवला नाही. दगडालाच सांगू दे. तुझ्याकडे ती पेट्रोलवर चालणारी करवत आहे ना?"

"आहे."

"मग ऐक. ओल्या चिखलात पाय पडला की खालचे थर दबतात, वाकतात. पावलाच्या आकाराची खळगी खालपर्यंत जाते. चिखलाचा दगड झाला तरी ती तशीच राहते. पण कडक दगडात छिन्नीनं खोदलं, तर थर वाकणार कसे? ते मध्येच तुटतील. पाऊल आडवं काप. सरड्याचंही काप. शेजारी शेजारी ठेव. आंधळ्यालासुद्धा बोटांनी कळेल."

गुरुवारी दुपारी मी करवत खांद्यावर घेऊन नदीत उतरलो. बाई माझ्याबरोबर होत्या. लोकांनी वाट दिली नाही, वाट काढावी लागली. कुणीतरी माकडासारखा चीत्कार केला. तंबूच्या सावलीत, घोंगडीवर, नेल्डाच्या मांडीवर ट्रूडी होती. तिचा श्वास मला वीस पावलांवरून ऐकू आला. खोल, घाईघाईचा, टेकडी चढून आल्यासारखा. तोंडाला सडलेल्या सफरचंदाचा वास येत होता. डॉक्टर यार्बरो बॅग घेऊन दूर उभे होते. दोन दांडगी माणसं त्यांना पुढे जाऊ देत नव्हती.

"हिच्या अंगातून सैतान निघतोय!" ब्रदर रॉस्को सांगत होता. "जाताना तो त्रास देणारच! घाबरू नका!"

"मला हे पाऊल कापायचंय," मी म्हणालो.

लोक खवळले. "आदमाच्या पावलाला हात लावतोस?" "ओढा त्याला!"

"ते माझं पाऊल आहे," मी ओरडलो. "तेहेतीस साली मी कोरलं. माझ्या बापानं आखून दिलं. खोटं बोलत असेन तर कापल्यावर कळेल. आदम खरोखर चिखलातून चालला असेल, तर त्याच्या वजनानं खालचे थर वाकलेले दिसतील. या सरड्याच्या ठशाखाली आहेत तसेच. ब्रदर, तुमची हरकत का? तुमचाच विजय होईल की!"

"देवाची परीक्षा घेऊ नये!" ब्रदर रॉस्कोनं काठी आडवी धरली.

तेव्हा वेस ट्रॅव्हिक पुढे आला. गुरं पाळणारा म्हातारा, शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याची चारशे गुरं त्या वर्षी कसायाकडे गेली होती. तो फार बोलत नसे.

"या पावलाच्या जोरावर आज आम्ही एका बाईची सत्तावीस वर्षांची नोकरी घालवणार आहोत," तो म्हणाला. "पाऊल खरं असेल तर करवतीला घाबरणार नाही. काप रे एमेट."

मी करवत सुरू केली. आवाजानं बायकांनी मुलांचे कान झाकले. चुनखडीचा पांढरा धुरळा उडाला. पावलाच्या मध्यातून दोन आडवे काप घेतले, चार बोटं अंतरानं. पहार घालून मधली वीट उचलली. मग शेजारच्या सरड्याच्या ठशातून तशीच दुसरी. दोन्ही तुकडे सपाट खडकावर ठेवले आणि बाईंनी त्यांच्यावर पाणी ओतलं.

दगड ओला झाला तसे थर दिसले. वहीच्या पानांसारख्या करड्या रेघा. सरड्याच्या तुकड्यात त्या रेघा ठशाखाली वाटीसारख्या खाली वाकल्या होत्या. एकीखाली एक, खालपर्यंत. आदमाच्या तुकड्यात त्या अगदी सरळ होत्या. सरळ येत होत्या आणि पावलाच्या काठाशी कापून टाकल्यासारख्या थांबत होत्या. पलीकडच्या काठापासून पुन्हा तशाच सुरू होत होत्या.

वेस ट्रॅव्हिक गुडघ्यावर बसला, त्यानं अंगठ्यानं रेघ चाचपली. "कोरलंय," तो म्हणाला.

"सैतानानं थर सरळ केले!" ब्रदर रॉस्को किंचाळला. "तुमची श्रद्धा मोडायला!"

आणि मी कबूल केलं पाहिजे, दहावीस माणसं "आमेन" म्हणाली. दगडाकडे बघता बघता म्हणाली.

मी बूट काढला. मोजा काढला. डावा पाय त्या कापलेल्या पावलाशेजारी ठेवला. माझं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे आणि करंगळी चौथ्या बोटावर चढलेली. दगडातही दुसरं बोट लांब होतं. दगडातही करंगळी चढलेली होती.

मी नेल्डाकडे पाहिलं. "बघ. तूच हसायचीस या करंगळीला."

ती बघत होती. माझ्या पायाकडे, मग दगडाकडे, मग मांडीवरच्या ट्रूडीकडे. तिच्या तोंडातून आवाज निघाला तो शब्दाचा नव्हता. मग ती ओरडली, "डॉक्टर! डॉक्टर, लवकर! सुई द्या तिला, सुई द्या!"

दांडगी माणसं बाजूला झाली. डॉक्टर यार्बरोंनी तिथंच, घोंगडीवर, ट्रूडीच्या मांडीत सुई टोचली. ती "नको ना" म्हणाली नाही. तिला कळलंच नाही. वेस ट्रॅव्हिकच्या गाडीतून तिला साठ मैलांवरच्या रुग्णालयात नेलं. मी पुढच्या सीटवर एक पाय अनवाणी तसाच बसलो होतो आणि मागे नेल्डा तिच्या कानाशी सारखं एकच म्हणत होती, "श्वास घे, बाळा. श्वास घे."

ट्रूडी दोन दिवस बेशुद्ध होती. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास उशीर झाला असता तर मी मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला आलो असतो.

ती जगली. ब्रदर रॉस्कोचा तंबू गुरुवारी संध्याकाळीच उठला होता. पुढच्या महिन्यात तो ओक्लाहोमात कुठेतरी होता असं ऐकलं. तिथं त्याला बायबलातल्या महापुराची कसली तरी नौका सापडली होती. क्लेपर बाईंना मात्र मंडळानं काढलंच. तीन विरुद्ध दोन. वेस ट्रॅव्हिकनं रुग्णालयातून परत येऊन त्यांच्या बाजूनं मत दिलं, ते पुरलं नाही. बाकीचे म्हणाले, पाऊल खोटं निघालं म्हणून माकडाचा धडा खरा ठरत नाही. दगड पाहिलेली माणसं होती ती. बाई खोकी घेऊन बसमध्ये बसल्या, तेव्हा निरोपाला मी आणि चार मुलं होतो. पुढच्या वसंतात पाऊस आला, धो धो, पूर येईपर्यंत. बाईंना काढलं म्हणूनच आला असं गावात अजून सांगतात. त्याच वसंतात शेजारच्या दोन जिल्ह्यांतही तेवढाच पाऊस झाला आणि तिथल्या शाळांनी कुणालाच काढलं नव्हतं, हे मी अजून सांगतो.

नेल्डा माझ्याशी सहा वर्षं बोलली नाही. बोलली तेव्हा एकच प्रश्न विचारला. "त्यानं मला फसवलं, ते समजलं मला. तो परका होता, त्याचा धंदाच तो. पण तू पहिल्याच दिवशी का बोलला नाहीस?"

अजून मी त्याचं उत्तर शोधतोय. म्हणून आज हे सगळं, बापाच्या नावासकट, लिहून काढलं. तुमच्या गावात उद्या कुणी असाच दगड, असंच पाणी, असाच माणूस घेऊन येईल. त्याला साधे प्रश्न विचारा. दुसरं पाऊल कुठंय? कापून दाखवता का? औषध का थांबवायचं? देवाला मानायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण लेकराचं औषध कुणाच्या तोंडच्या शब्दावर बंद करू नका. आणि त्या गर्दीत मागे कुणी माझ्यासारखा उभा असेल, ज्याला ती युक्ती ठाऊक आहे, त्याला माझं हात जोडून सांगणं आहे: लाज वाटेल, धंदा बुडेल, घरचे तोंड फिरवतील, तरीही आजच बोल. तू गप्प राहतोस तेवढे दिवस कुणाचं तरी मूल पाणी मागत असतं.